नेमबाजीसाठी जमीन भाड्याने घेताना झालेली फसवणूक
हौशी नेमबाजीच्या सरावासाठी आम्ही चौघे मित्र गावाबाहेरची पडीक जमीन भाडेपट्ट्याने शोधत होतो. त्या शोधात एका मध्यस्थाने आम्हाला कसे फसवले, ते इतरांनी सावध व्हावे म्हणून लिहीत आहे.

जमीन पाहताक्षणी मनात भरली. ५० मीटरवर लक्ष्य लावता येईल एवढी सपाटी आणि तिच्या टोकाला गोळ्या अडवायला दोन पुरुष उंचीचे मातीचे टेकाड होते. जमीन चुलत्यांच्या नावावर असून व्यवहाराचे अधिकार आपल्याकडे आहेत, असे मध्यस्थाने सांगितले. मुखत्यारपत्राची छायाप्रत त्याने हातातून सोडली नाही. त्यावरची तारीख त्याच्या अंगठ्याखाली झाकलेली होती, हे मला आजही लख्ख आठवते. दुसरे गिऱ्हाईक उद्याच येणार आहे, अशी घाई त्याने केल्यामुळे आम्ही अनामत आणि सहा महिन्यांचे आगाऊ भाडे रोख देऊन मोकळे झालो.

सरावाआधी मी टेकाडावर चढलो, तर पलीकडच्या उतारावर मेंढ्यांच्या ताज्या लेंड्या आणि चांगली रुळलेली पायवाट दिसली. .२२ (०.२२ इंच व्यासाच्या) रायफलीची बारीक गोळीसुद्धा मोकळ्यावर दीड किलोमीटरहून लांब जाऊ शकते आणि दगडावर आदळून उसळली तर तिची दिशा कोणालाच सांगता येत नाही. त्या वाटेने रोज माणसे जातात, या विचाराने माझे हातपाय गार पडले. तिथल्या मेंढपाळाने सांगितले, “हे टेकाड शेजारच्यांचं आहे, यांचं नाही.”

मग नोंदी काढल्या. जमीन तिघा भावंडांच्या सामाईक मालकीची निघाली. मध्यस्थाने ती केवळ चराईसाठी घेतली होती आणि त्याची मुदतही संपली होती. करारनाम्यात त्याने ‘शेती व तत्सम वापर’ एवढेच लिहिले होते आणि आम्ही ते न वाचता सह्या केल्या होत्या.

म्हणून कळकळीने सांगतो, नोंदीतल्या प्रत्येक मालकाला स्वतः भेटून लेखी संमती घ्या, हद्द मोजून घ्या आणि टेकाडामागे काय आहे ते चालत जाऊन पाहा. नेमबाजीला तिथे कायद्याने परवानगी आहे का, याची खात्री पैसे देण्यापूर्वीच करा. करारात नेमबाजीचा स्पष्ट उल्लेख हवा. गोळ्यांमुळे मातीत साठणारे शिसे कोणी काढायचे, हेही लिहून घ्यावे, कारण त्या शिशाने चरणाऱ्या जनावरांना विषबाधा होऊ शकते.

आम्ही तक्रार दिली आहे. पैशांची पावती घेतली नव्हती, त्यामुळे तक्रारीला जोडायला आमच्याकडे त्या करारनाम्याखेरीज एकही कागद नाही.