एमएसडब्ल्यूच्या नावाखाली माझे 1,02,800 रुपये लुटले

"नोकरी सांभाळून एमएसडब्ल्यू, वर्गाला यायची गरज नाही, फील्डवर्कचं आम्ही बघतो." एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी; हे ज्या अभ्यासकेंद्रात ऐकाल तिथून तडक उठा.

आकडे आधी सांगते. प्रवेश 18,500. दोन वर्षांची फी, वर्षाला 32,000 प्रमाणे 64,000. परीक्षा शुल्क 4,800. फील्डवर्कचं 'बघण्याचे' 9,000. पदवी प्रमाणपत्र लवकर काढून देण्याचे 6,500. यातले बरेचसे पतसंस्थेचं कर्ज काढून भरले, हप्ते अजून चालू आहेत.

समाजसेवा अधीक्षक पदाच्या निवड यादीत नाव आलं आणि कागदपत्र पडताळणीत सगळं बाहेर पडलं. ज्या परराज्यातल्या खासगी विद्यापीठाच्या गुणपत्रिका माझ्याकडे होत्या, त्यांनी लेखी कळवलं की या नोंदणी क्रमांकाचा विद्यार्थीच नाही. विद्यापीठ खरं, माझे कागद खोटे.

असली केंद्रं चालवणारी मंडळी एमए समाजशास्त्र, एमए तत्त्वज्ञान आणि एमएसडब्ल्यूच का विकतात ते बघा. प्रयोगशाळा लागत नाही, डॉक्टर-वकिलांसारखी नोंदणी परिषदेची कटकट नाही, आणि लोकांनाही वाटतं की हे विषय घरी वाचून होतात. समाजकार्य घरी वाचून होत नाही. ठरलेल्या दिवशी संस्थेत किंवा वस्तीत काम, त्याचा अहवाल, पर्यवेक्षकाशी चर्चा, हाच त्याचा गाभा. इग्नूच्या (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या) दूरस्थ एमएसडब्ल्यूलाही फील्डवर्क चुकत नाही.

मला मात्र फील्डवर्कची डायरी भरूनच मिळाली. सगळी पानं एकाच हस्ताक्षरात, खाली कुठल्याशा संस्थेचा जांभळा शिक्का. 2 ऑक्टोबरच्या पानावर लिहिलेलं: 'अंगणवाडी भेट, 34 बालके उपस्थित.' माझं रोजचं काम अंगणवाड्यांमध्येच आहे. गांधी जयंतीला अंगणवाडीत मुलं नसतात हे मला कोणी सांगायला नको. मी विचारलंसुद्धा. केंद्रचालक म्हणाला, "ताई, तुमचा एवढ्या वर्षांचा अनुभव हेच तुमचं फील्डवर्क. नोकरदारांसाठी विद्यापीठानेच ही सोय ठेवली आहे." त्याच वेळी पैसे परत मागून निघायचं होतं. ते पान आठवलं की अजून अंगाची आग होते.

पण कोणी असं म्हणू नये की मी पदवी विकत घ्यायला गेले होते. असाइनमेंट मी रात्री जागून लिहिल्या. परीक्षेला बसले, तीन-तीन तास पेपर लिहिले. हॉलतिकीट होतं, सीलबंद पाकिटं होती, वर्गात पर्यवेक्षक फिरत होते. इतका बनाव समोर असताना सामान्य माणसाने आणखी काय तपासायचं?

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, "मॅडम, पैसे तुम्हीच दिलेत ना? मग हा दिवाणी मामला." भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे, हे तक्रारदारानेच त्यांना सांगायचं! वर दम दिला की बनावट पदवी वापरली म्हणून तुमच्यावरच गुन्हा येईल. म्हणूनच माझ्यासारखे कित्येक जण तोंड उघडत नाहीत. विद्यापीठ म्हणतं, तुमच्या गावच्या पोलिसांकडे जा. उच्च शिक्षण विभाग म्हणतो, ते विद्यापीठ आमच्या राज्यातलं नाही. अहो, पण केंद्र तर तुमच्या राज्यात, भर बाजारात, बोर्ड लावून चालू होतं! युजीसीला (विद्यापीठ अनुदान आयोगाला) केलेल्या ईमेलवर छापील उत्तर आलं, पुढे काही नाही. प्रत्येकाने हात वर केले आणि त्या माणसाने तेवढ्यात गाळा रिकामा केला.

फी फक्त विद्यापीठाच्या खात्यात भरा. माझ्या पावत्या एका 'एज्युकेशन सोसायटी'च्या नावाच्या होत्या आणि 9,000 तर त्याच्या वैयक्तिक यूपीआयवर गेले. युजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर नुसतं विद्यापीठाचं नाव बघून थांबू नका, तुमचा अभ्यासक्रम आणि तुमचं सत्र दोन्ही यादीत हवं. आता दूरस्थ प्रवेशाला डेब आयडी, म्हणजे याच विभागाच्या संकेतस्थळावर काढायचा विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक, सक्तीचा आहे, तो "नंतर काढू" म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. दूरस्थ शिक्षणात फ्रँचायझीला परवानगीच नाही, त्यामुळे 'अधिकृत फ्रँचायझी' ही पाटीच फसवणुकीचा पुरावा समजा. पहिल्या सत्राची गुणपत्रिका आली की थेट परीक्षा विभागाकडून पडताळून घ्या, शेवटची वाट बघू नका.

माझ्या बॅचचे काही जण सापडले आहेत, एकत्र तक्रार लिहितो आहोत. तुमच्याकडेही सोसायटीच्या नावाच्या अशा पावत्या असतील तर फाडू नका, आणि यूपीआयचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा.