बाउंटीची लाँच की जेम्स केअर्ड: लाकडी होडीचं मॉडेल निवडताना

अख्ख्या जहाजाच्या मॉडेलला वर्षं जातात, म्हणून आधी त्याच्यावरची एखादी होडी करून बघ, असा सल्ला नव्याने या छंदात आलेल्याला हमखास मिळतो. सल्ला चांगला आहे, पण त्यात एक गोष्ट सांगायची राहून जाते. जहाजाचं पोट डेकखाली झाकलेलं असतं, तर होडीचं पोट बहुधा उघडं असतं. जहाजाच्या मॉडेलमध्ये एखादी फळी फ्रेमवर, म्हणजे आतल्या बरगडीसारख्या आडव्या चौकटीवर, नीट टेकली नाही, तर बाहेरून पुट्टी भरून, घासून, रंग देऊन निभावता येतं. उघड्या होडीत तीच फळी आतून दिसते. गोंदाचा ओघळसुद्धा दिसतो.

म्हणून होडी निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: आतलं काम करायची इच्छा आहे का? या प्रश्नाची दोन टोकं दाखवणाऱ्या दोन होड्या शेजारी ठेवतो. एक ब्रिटिश नौदलाच्या बाउंटी जहाजाची लाँच, म्हणजे जहाजावरची मोठी उघडी होडी, 1789 सालची. दुसरी जेम्स केअर्ड, 1916 साली अंटार्क्टिक मोहिमेचा नेता शॅकल्टन याने अंटार्क्टिकाजवळच्या एलिफंट बेटावरून साउथ जॉर्जिया बेटाला नेलेली. पहिली 23 फूट लांब, दुसरी साडेबावीस. 1:16 प्रमाणात दोन्ही मॉडेल साधारण 43-44 सेंटीमीटरची होतात, म्हणजे जागा सारखीच लागते. काम मात्र अजिबात सारखं नाही.

आधी लाँच. 28 एप्रिल 1789 रोजी बाउंटीवर खलाशांनी बंड केलं आणि कॅप्टन ब्लायसह 19 माणसं या होडीत उतरवली गेली. पॅसिफिकमधल्या टोफुआ बेटावर एकजण मारला गेला. उरलेल्यांना घेऊन ब्लायने 3618 सागरी मैल कापले आणि 14 जूनला तिमोरच्या कुपांग बंदरात होडी लावली. होडीची रुंदी 6 फूट 9 इंच, खोली 2 फूट 9 इंच. भरलेल्या होडीचा काठ पाण्यावर जेमतेम 7 इंच राहत होता. 1:16 ला हे अंतर 11 मिलिमीटर होतं. फ्रेमवर पाणरेषा आखून तिथून काठापर्यंत एकदा बोट ठेवून बघा. त्या प्रवासाबद्दल कितीही वाचलं तरी जे पोचत नाही, ते त्या 11 मिलिमीटरांत पोचतं.

या होडीचं सगळं सौंदर्य आत आहे: जवळजवळ बसवलेल्या फ्रेम, बसायच्या आडव्या फळ्या, तळाच्या फळ्या, काठाची पट्टी, नाळेतली (पुढच्या टोकातली) चिंचोळी जागा. उघड्या होडीच्या मॉडेलची नेहमीची रीत अशी की फ्रेमचा मधला भाग आधाराला तसाच ठेवायचा, बाहेरून फळ्या लावायच्या, त्या पक्क्या झाल्या की मधला भाग कापून काढायचा. खरी कसोटी या कापण्यातच आहे. फ्रेमचे हात दीड-दोन मिलिमीटरचे राहिलेले असतात आणि लाकूड रेषेच्या आडवं गेलं की तुकडा पडतो. पहिल्या खेपेला माझ्या दोन फ्रेम मी घाईने ओढून मोडल्या. नंतर शिकलो: आधी बारीक करवतीने अर्धवट खाच करायची, मग वाकवून नाही तर खाच खोल करत करत सोडवायचं. आतून घासायला बोटाऐवजी गोल काठीला पॉलिशपेपर गुंडाळून वापरायचा, आणि शेवटची जाडी एका दिवसात गाठायची नाही.

फळ्या लावण्याचं मुख्य काम दोन्ही होड्यांत सारखंच. दोन्हींच्या फळ्या काठाला काठ भिडवून बसवलेल्या आहेत, एकावर एक चढवलेल्या नाहीत. मधल्या फ्रेमवर कागदाची पट्टी कीलपासून (तळाच्या कण्यापासून) काठापर्यंत गुंडाळायची, तिचे सारखे भाग करायचे आणि मग नाळेच्या व पिछाडीच्या फ्रेमवर तेवढेच भाग कमी रुंदीचे पाडायचे. प्रत्येक फळी दोन्ही टोकांना निमुळती होते ती यामुळेच. हे आखणं टाळून सरळ पट्ट्या चिकटवत गेलात, तर सातव्या-आठव्या ओळीला नाळेपाशी फळ्या वर चढू लागतात. उघड्या होडीत ती चूक आतून आणि बाहेरून अशी दोन्हीकडून दिसते.

आता केअर्ड. हिची कथा सुताराची आहे, म्हणून मला ती जास्त जवळची. 1914 साली लंडनमध्ये बांधलेली ही दोन्ही टोकांना निमुळती, व्हेलबोटीच्या (देवमाशाच्या शिकारीच्या होडीच्या) घाटाची होडी. शॅकल्टनचं एन्ड्युरन्स जहाज बर्फात चिरडलं गेल्यावर सुतार मॅक्निशने बर्फावरच हिच्या कडा फळ्या लावून उंच केल्या. एलिफंट बेटावर घसरगाडीच्या पट्ट्या आणि खोक्यांची झाकणं जोडून त्याने डेकचा सांगाडा केला आणि त्यावर गोठलेलं कॅनव्हास चुलीवर मऊ करत शिवून ताणलं. फटींत दिव्याच्या वाती, तैलरंग आणि सीलचं रक्त भरलं. कणा तुटू नये म्हणून दुसऱ्या होडीची डोलकाठी आतून कीलवर बांधली. 24 एप्रिल 1916 ला सहा माणसं निघाली आणि 10 मे रोजी, सुमारे 800 सागरी मैलांनंतर, साउथ जॉर्जियाला लागली.

मॉडेल करणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा: आतलं जवळजवळ काहीच दिसत नाही. फ्रेम भरीव ठेवल्या तरी चालतात, आणि नवशिक्याला हा मोठा दिलासा आहे. पण झाकलेली म्हणजे सोपी, असं समजू नका. अडचण आतून उठून डेकवर येते. तिथलं प्रत्येक काम ओबडधोबड दिसायला हवं, आणि तो ओबडधोबडपणा नेमका हवा. पातळ सुती कापड खाली आधार असेल तिथे उंच आणि मध्ये किंचित खोल बसलं पाहिजे. टाक्यांतलं अंतर प्रमाणाबाहेर गेलं की होडी लगेच खेळण्यासारखी दिसते. मॅक्निशने वाढवलेल्या कडेच्या फळ्या खालच्या सुबक फळ्यांपेक्षा वेगळ्या हाताच्या वाटल्या पाहिजेत. आधी नीट काम करता यावं लागतं, तेव्हाच हे जमतं.

संदर्भाच्या बाबतीत केअर्ड पुढे आहे. ती आजही लंडनच्या डलिच कॉलेजमध्ये उभी आहे, आणि तिला समुद्रात ढकलतानाचं मोहिमेचा छायाचित्रकार फ्रँक हर्लीने काढलेलं छायाचित्र उपलब्ध आहे. लाँच उरलेली नाही. ब्लायने ती बटाव्हियात (आजच्या जकार्तात) नाइलाजाने विकली. मात्र 18व्या शतकातल्या ब्रिटिश नौदलाच्या होड्यांचे मूळ आराखडे ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहेत, आणि लाँचचा 1:16 चा किट (कापलेल्या भागांचा संच) ‘मॉडेल शिपवेज’ या कंपनीने काढलेला आहे. सगळे भाग स्वतः कापायची तयारी नसेल तर हा मोठा फरक आहे.

प्रमाणाबद्दल थोडक्यात. पाऊण इंच जाडीची फळी 1:16 ला 1.2 मिलिमीटरची होते, 1:48 ला 0.4 ची. पहिली कापता, वाकवता, घासता येते. दुसरी घासता घासता संपते. लहान होडी म्हणजे सोपी होडी, हा समज इथे फसवतो. लाकूड बासवुड असेल तर कडांना धागे सुटतात, पण ते सहज वाकतं. चेरी किंवा पेअर जास्त रेखीव दिसतं आणि जास्त वेळ मागतं.

माझं मत असं: पहिलंच मॉडेल असेल आणि हातात धीर असेल, तर लाँच घ्या, किटमधून घ्या आणि आतून रंग देऊ नका. रंग नसला की प्रत्येक सांधा शिकवतो. आधी एखादी होडी झाली असेल आणि आतल्या घासकामाचा कंटाळा आला असेल, तर आराखड्यावरून केअर्ड करा. अमेरिकन व्हेलबोट मात्र तिसऱ्या खेपेला ठेवा. तिची दोरीची पिंपं, हार्पून, भाले आणि वेगवेगळ्या लांबीची पाच वल्ही यांचंच काम होडीइतकं निघतं.

लाँच केलीत तर तिच्यात एक छोटी गोष्ट जरूर ठेवा. पाव मोजून देण्यासाठी ब्लायने नारळाच्या दोन करवंट्यांचा तराजू केला होता आणि वजन म्हणून पिस्तुलाच्या गोळ्या वापरल्या होत्या. 1:16 ला करवंटी जेमतेम सात-आठ मिलिमीटरची होते. गोल टोकाच्या काठीवर भिजवलेल्या पातळ कागदाचे दोन-तीन थर गोंदाने बसवले आणि वाळल्यावर सोडवून कापले की झाली.