कार्ब्युरेटरवरून इंजेक्शन: टाकीपासून रेलपर्यंत कोणता पाइप टाकावा?

जुनी पद्मिनी, कार्ब्युरेटरची मारुती ८०० किंवा जिप्सी इंजेक्शनवर न्यायची ठरली की सगळी चर्चा ईसीयू (इंजेक्शन चालवणारा कॉम्प्युटर) आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनाची हवा नियंत्रित करणारा भाग) यांच्याभोवती फिरते. पेट्रोलचा पाइप मागे पडतो, आणि पुढची वर्षं गाडीत बसणाऱ्याला त्रास होतो तो त्याच्याचमुळे. कार्ब्युरेटरला इंजिनवरचा पंप ०.२ ते ०.३५ बार दाब देत होता. आता रेलला, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीला, साधारण ३ बार लागतात, काही थ्रॉटल बॉडी किटना ४. जुना होज ठेवायचा प्रश्नच उरत नाही. निवड करायची ती इंजेक्शनचा रबरी होज, पीटीएफई (टेफ्लॉन) अस्तराचा होज आणि स्टीलचा पाइप यांतून.

रबरी होज सगळ्यात सोपा. हवा तसा वळतो, सुरीने कापला जातो. मात्र एसएई जे३० आर७ लिहिलेला (होजवर छापलेला हा दर्जा असतो) घेऊ नका. त्याची मर्यादा ३.४ बार, म्हणजे हातात काही राखीव राहत नाही. आर९ सुमारे ७ बार घेतो. क्लिपही इंजेक्शनचीच हवी, गोल कडांची. पट्टीला आरपार खाचा असलेली साधी क्लिप घट्ट आवळली की रबर त्या खाचांत शिरून कापलं जातं. आणि ज्या नळीवर होज चढवायचा तिच्या टोकाला उभार नसेल, तर ३ बारला तो केव्हातरी निसटणारच.

हे सगळं नीट केलं तरी एक गोष्ट उरते, आणि माझ्या लेखी निकाल तिच्यावरच लागतो. वास. गळती नसतानाही रबरातून पेट्रोलची वाफ झिरपत राहते. इंजिनकडे जायची लाइन आणि उरलेलं पेट्रोल टाकीत परत आणणारी रिटर्न धरली तर गाडीखाली सात-आठ मीटर रबर होतं, शिवाय रिटर्नमधलं पेट्रोल इंजिनाची उष्णता घेऊन आलेलं असतं, त्यामुळे झिरपणं वाढतं. बेळगावजवळच्या खानापूरकडच्या पावसाळ्यात गाडी बंद खोलीत, काचा वर करून रात्रभर उभी राहते. सकाळी दार उघडलं की वास अंगावर येतो. मग माणूस एकेक क्लिप आवळत बसतो, पण ओलं कुठंच सापडत नाही, कारण गळती नसतेच. ई२० ची, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची, विक्री २०२३ मध्ये सुरू झाली. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल साध्या नायट्राइल रबराला आणखी त्रासदायक. वरून स्टीलची जाळी असलेला रबरी होज दिसायला भक्कम, पण वास तो थांबवत नाही, आणि आतलं रबर तडकलं तरी जाळीमुळे दिसत नाही. आर१४ दर्जाचा किंवा एफकेएम (फ्लोरिनयुक्त रबर) अस्तराचा होज बराच बरा. रबरच वापरायचं असेल तर तोच शोधा.

पीटीएफईतून वास जवळजवळ येत नाही, इथेनॉलचंही त्याला काही वाटत नाही. पण आतलं अस्तर काळं, म्हणजे कार्बन मिसळलेलं हवं. पांढऱ्या अस्तरात वाहत्या पेट्रोलामुळे स्थिर वीज साठते आणि तिच्या ठिणग्यांनी सुईसारखी भोकं पडू शकतात. सहा नंबरचा (३/८ इंची पाइपाच्या मापाचा) होज १० सेंटीमीटरपेक्षा लहान त्रिज्येत वळवू नये, मुरडला की तेवढा तुकडा बाद. कापताना जाळीवर टेप घट्ट गुंडाळून पातळ कटिंग व्हील चालवावं. फिटिंगच्या ऑलिव्हखाली (अस्तरावर दाबून बसणारं छोटं कडं) जाळीची एक तार जरी अडकली तरी जोड पाझरतो, आणि एकदा दाबलेला ऑलिव्ह पुन्हा वापरता येत नाही. पूर्ण गाडीला हाच टाकायचा तर खर्चही बराच.

म्हणून माझा कल असा: चॅसिसखाली ३/८ इंची स्टीलचा पाइप, आणि फक्त दोन्ही टोकांना, जिथं इंजिन हलतं आणि जिथं पंप आहे, तिथं हातभर पीटीएफई. स्टीलमधून काहीच झिरपत नाही, उंदीरही त्याला दात लावत नाही. उसाच्या पट्ट्यात गाडी ठेवणाऱ्याला याचं महत्त्व सांगायला नको. नायलॉनचा पाइप चांगला असूनही मी मागे ठेवतो तो त्यामुळेच.

बेळगावात याची सोयही आहे. उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या हायड्रॉलिकच्या दुकानांत ३७ अंशांच्या उताराची जेआयसी (हायड्रॉलिक पाइप जोडायची) फिटिंग मिळते. सहा नंबरचा आटा ९/१६-१८ (९/१६ इंच व्यास, इंचाला १८ आटे), पीटीएफई होजच्या एएन फिटिंगचाही तोच. पाइपावर आधी नट आणि स्लीव्ह चढवा, मग टोकाला ३७ अंशांचाच फ्लेअर (फाकवलेली कडा) काढा. ब्रेकचा फ्लेअर ४५ अंशांचा असतो, तो इथं बसत नाही. ८ मिमीचा पाइप सहा नंबरच्या स्लीव्हमध्ये सैल राहतो, म्हणून ३/८ म्हटलं. दुकानदार हायड्रॉलिक होजही पुढं करेल, दोनशे बार घेतो म्हणेल. घेऊ नका. दाब त्याला झेपेल, पण त्याचं अस्तर तेलासाठीचं असतं, पेट्रोलसाठी नव्हे. तांब्याचा पाइपही नको, थरथरीने तो कडक होऊन फ्लेअरच्या मुळाशी तडकतो.

स्टीलची खोड म्हणजे गंज. चिखल धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पखाली तो आधी धरतो. रबर अस्तराची पी-क्लिप दर ३०-४० सेंटीमीटरवर लावा, पाइप सायलेन्सरपासून किमान १० सेंटीमीटर दूर न्या, आणि पावसाळ्याआधी क्लिप सोडून एकदा बघा.

रिटर्न बारीक ठेवू नका. आयडलला (इंजिन सुरू, गाडी उभी) पंपाचं जवळजवळ सगळं पेट्रोल परत जातं, वाट अरुंद असेल तर दाब ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर लावूनही दाब चढलेलाच राहतो. बाहेरचा पंप टाकीच्या तळाहून खाली, टाकीलगत बसवा, तो ढकलतो चांगला, ओढतो वाईट. त्याच्याआधी १०० मायक्रॉनचा फिल्टर, नंतर १० मायक्रॉनचा. इंजिन सुरू न करता पंप चालवून प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद धरा, अग्निशामक हाताशी ठेवून. जुन्या टाकीचा गंज पहिल्या काही टाक्यांत फिल्टरमध्ये येतो, तेव्हा एक फिल्टर जास्तीचा आणूनच ठेवा.