साडेअकराशेचा ब्लोअर, दीडशेचा फुगा

बेंचवरची धूळ उडवायचा माझा पहिला विजेचा ब्लोअर घरात गाजला तो उडदाच्या पापडांमुळे. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या फ्लॅटला मागे बाल्कनी आहे. एका बाजूला माझं दुरुस्तीचं बेंच, दुसऱ्या बाजूला सौ.ची वाळवणं. मार्च महिना होता. एक पितळी बुश (दांडा फिरतो ती नळी) कानशीने घासून बसवली, बेंचभर कीस पडलेला, आणि नवं खेळणं हाताशी. बटण दाबलं. चार सेकंदांत बेंच लख्ख, आणि साडीवर पसरलेले पापड सोनेरी. सौ. एवढंच म्हणाली, "आता हे तुम्हीच खा."

एकतीस वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काढलेल्या माणसाने हे करायला नको होतं. तिथे पहिल्याच आठवड्यात उस्तादांनी सांगितलं होतं की मशीनवरचा कीस ब्रशने ओढायचा, हवेने उडवायचा नाही. उडवलेला कीस जातो कुठे? स्लाइडच्या फटीत, नाहीतर शेजारच्याच्या डोळ्यात. एअर गनने कपडे झटकायला तर सक्त मनाई होती. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत साफसफाईच्या हवेला ३० पीएसआय (दाबाचं एक माप) एवढी मर्यादा आहे, तीही आडोसा आणि चष्मा असेल तरच. आमच्या लाइनला सहा बार दाब असायचा, म्हणजे ८७ पीएसआय. कातडीला टेकवून कोणी दाबलं तर हवा आत शिरते, गंमत नाही.

तरी ब्लोअर लागतोच. निवृत्तीनंतर बेंचवर जे येतं ते कंपनीतल्यासारखं नसतं. सोसायटीतले मिक्सर येतात, त्यांच्या पोटात कार्बनची काळी पूड. शिलाई मशीन येतात, शटलखाली रुव्याचा नमदा झालेला. नातवाचा सीपीयू येतो. त्यात सिंहस्थाच्या तयारीने नाशिकचे रस्ते उकरलेले, सकाळी पुसलेलं बेंच संध्याकाळी मातकट. चार फूट बाय दोन फूट जागा, पण वाइस, दिवा, सोल्डरिंगचा स्टँड आणि स्क्रूंच्या डब्या यांच्या मधल्या कोपऱ्यांत फडकं जात नाही.

कॉम्प्रेसरचा विचार करून सोडून दिला. लहान टाकीवालाही माझ्या बजेटच्या कितीतरी पुढे, वर आवाज, वर टाकीत साचणारं पाणी रोज काढा. नाहीतर ज्या मिक्सरमधली धूळ काढायची त्यातच पाण्याचे शिंतोडे. हवेचा डबा मिळतो, कॉम्प्युटरवाले वापरतात तो. चांगला आहे, पण जरा तिरका धरला की आतलं द्रव बाहेर येतं आणि लागेल तिथे बर्फासारखं गार करतं. शिवाय माझ्या हाताला तो महिनाभरही पुरला नाही. हेअर ड्रायरही वापरून बघितला, तो सौ.ला कळायच्या आत जागेवर ठेवला.

तर पापडवाला ब्लोअर साडेआठशेचा होता. एकच वेग, बटण दाबलं की पूर्ण जोर. खोक्यावर १३,००० आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे, लिहिलेलं. पाच महिन्यांत बंद पडला. दुकानदाराकडे नेला तर म्हणाला, "ब्लोअरला गॅरंटी नसते, काका." बिलावर सहा महिने त्यानेच लिहून दिलं होतं, ते दाखवलं तर म्हणाला, "ते मोटरला, कार्बनला नाही." कार्बन म्हणजे फिरत्या मोटरला वीज पोचवणारा, झिजत जाणारा बारका ठोकळा. घरी आणून उघडला. एका बाजूची स्प्रिंग वाकडी, त्यामुळे तो कार्बन एकाच कडेने झिजलेला. तीस रुपयांची जोडी टाकून चालू केला, तर पंधरा दिवसांत स्विच जळला. मग मात्र भंगारात दिला. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण पुन्हा त्या बाजूला गेलो नाही.

दुसरा घ्यायला रविवार कारंजाकडे गेलो आणि यावेळी खोक्यावर आरपीएम वाचत बसलो नाही. काउंटरवर तीन ठेवायला लावले, तिन्ही प्लगला लावून चालवले. दुकानातला मुलगा वैतागला, पण मालक जुना माणूस, म्हणाला, "बघू दे त्यांना."

काय बघायचं ते सांगतो, कारण स्वस्त मालात ब्रँडपेक्षा नग महत्त्वाचा. आधी ब्लोअर सावलीत धरून मागच्या झरोक्यातून कम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतो तो मोटरचा फिरता भाग, बघावा. कार्बनपाशी बारीक निळसर ठिणगी चालते, पण गोल फिरणारं पिवळं कडं दिसलं तर तो नग परत. मग बटण सोडून कान द्यावा. मोटर थांबताना सुळकन, एका सुरात उतरली पाहिजे. शेवटी खरखर आली तर बेअरिंगच्या जागी साधी बुश आहे, नाहीतर बेअरिंग आधीच गेलंय. तिसरी गोष्ट वेग कमीजास्त करायचा डायल. डायल या तिघांनाही होता, पण काहींच्या एक आणि सहा यांत फरकच नसतो. मी खिशातलं व्हिजिटिंग कार्ड काउंटरवर ठेवलं, हातभर अंतरावरून एकवर हवा सोडली. कार्ड थरथरलं पाहिजे, उडता कामा नये. तिघांपैकी एकच पास झाला. साडेअकराशे. पैसे दिले, येताना मिसळ खाल्ली, घरी सांगितलं हजारला घेतला.

बॉशचा जीबीएल ६२० पण शेजारी होता, ६२० वॉटचा. हातात घेतल्यावर कळतं की माल वेगळा आहे. पण माझं काम दिवसातून पाच मिनिटांचं, तेवढ्यासाठी दुपटीहून जास्त पैसे कशाला? रोज गॅरेज चालवणाऱ्याने मात्र तोच घ्यावा.

बॅटरीवाल्यांबद्दलही विचारतात. शेजाऱ्यांचा आठवडाभर आणून वापरला. हलका, वायरची कटकट नाही, गाडीच्या डॅशबोर्डला झकास. पण पूर्ण वेगावर पंधरा मिनिटांत मान टाकतो. आणि बॅटरीवर ४८ व्हीएफ, म्हणजे ४८ व्होल्ट वाटावं असं ठसठशीत छापलेलं! त्यांच्या परवानगीने उघडली. आत पाच सेल एका ओळीत. एक सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट, पाचांचे २१. बाकीचे २७ छापखान्यात भरले असावेत.

माझ्या ब्लोअरचे दोषही सांगतो. वायर दीड मीटरच आहे. आवाज इतका की दुपारी दोन ते चार लावायची सोय नाही, खालच्या मजल्यावरचे आजोबा काठी आपटतात. सोबत आलेली धूळ ओढायची पिशवी शोभेची आहे, लावली की पिठासारखी धूळ तिच्याच कापडातून बाहेर येते. तोंड रुंद, म्हणून मी अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा रबराने बसवला. त्याने हवा एका जागी लागते. तोंड आवळलं की मोटरचा आवाज चढतो, ते बघून जोर वाढला असं वाटतं. उलट असतं. हवाच कमी ढकलायची म्हणून मोटर मोकळी पळते. आणि हवा कमी गेली की मोटर थंडही कमी होते, म्हणून पाइप लावून अर्ध्या मिनिटाच्या वर चालवत नाही.

अमेरिकेतल्या पुतण्याने मध्ये फोनवर विचारलं, "काका, माझ्या रीलोडिंग बेंचला कुठला स्वस्त ब्लोअर घेऊ?" तिकडे रायफलीच्या झाडलेल्या पितळी काडतुसात नवा प्राइमर (बारूद पेटवणारी बारकी टोपी), बारूद आणि गोळी बसवून ते पुन्हा वापरायचा छंद आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय हे करणं गुन्हा आहे, पण बेंच ते बेंच. त्याला म्हटलं, बारूद उघडं असताना कार्बन ब्रशची मोटर जवळ आणूच नको. ती ठिणगी तू डोळ्याने बघू शकतोस. आधी बारूद मूळ डब्यात परत, सांडलेले कण ब्रशने सुपलीत, मग पुढचं. त्याचा तराजू ०.१ ग्रेन दाखवतो, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम. त्यावर ब्लोअर सोडाच, पंख्याचा वाराही चालत नाही. आणि जुने प्राइमर काढताना जी राखाडी पूड पडते तिच्यात शिसं असतं. ती उडवली की नाकात. तिथे फक्त ओलं फडकं. एवढं ऐकून तो म्हणाला, "मग ब्लोअर कशाला घेऊ?" म्हटलं, बेंचखालची जमीन आहे ना, दार उघडून.

त्याला सांगता सांगता माझीच चूक लक्षात आली. माझं जुनं सोल्डर साठ-चाळीसचं, म्हणजे चाळीस टक्के शिसं, आणि त्याचे गोळे मी बिनदिक्कत उडवत होतो. आता तो कोपरा ओल्या फडक्याचा.

हेच सराफ बाजारातल्या एका ओळखीच्या कारागिराला सांगत होतो, तर तो हसतच सुटला. त्याच्याकडे ब्लोअर लावणं म्हणजे पगार खिडकीतून फेकणं. त्यांच्या दुकानातला केरसुद्धा झारेकरी विकत घेतात, धुऊन त्यातलं सोनं काढतात.

२०१९च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला त्यावेळी पाणी सराफ बाजारात शिरलं होतं. त्याच्याच घरचं लंबकाचं चावीचं घड्याळ त्या पाण्यात बुडालं होतं. आतला गाळ वाळून विटेसारखा झालेला. ते घड्याळ तसंच माळ्यावर पडलं होतं, गेल्या वर्षी माझ्याकडे आलं. लाकडी पेटीचा गाळ ब्लोअरने काढला, डायल दोनवर, गच्चीत, तोंडाला रुमाल बांधून. यंत्राला मात्र ब्लोअर लावला नाही. तिथे दीडशे रुपयांचा रबरी फुगा, फोटोवाले लेन्सला वापरतात तो. चाकांच्या टोकाला तेल असतं, जोरात फुंकलं की सगळी धूळ त्या तेलात जाऊन बसते आणि महिनाभरात घड्याळ मागे पडायला लागतं. फुग्याने एकेक फुंकर, मग चिमट्याने, मग पेट्रोलच्या ब्रशने. चार संध्याकाळी गेल्या. आता ठोके देतं. खरं सांगायचं तर बेंचवर हातात जास्त वेळ असतो तो फुगाच.

शिलाई मशीनला सुईखालची पट्टी काढून आधी ब्रश, चिमट्याने नमदा ओढायचा, आणि मग हवा शटलकडून बाहेर, वरून आत कधीच नाही. सीपीयूचा पंखा बोटाने धरून ठेवायचा, नाहीतर हवेने तो भलत्या वेगाने फिरतो, बेअरिंग खातो आणि उलटी वीजही तयार करतो. नातवाला हे करून दाखवलं, तर त्याने पुढच्या वेळी पंख्यात आइस्क्रीमची काडी अडकवली. माझ्यापेक्षा बरी युक्ती.

पापडांच्या प्रकरणानंतर ठरलंय ते असं: संध्याकाळी पाच ते साडेपाच, वाळवणं आत गेल्यावर, चष्मा लावून. दोन वर्षं झाली, कार्बन एकदा बदलला. दिवाळीत खिडक्यांच्या जाळ्यांसाठी सौ.ने ब्लोअर मागून नेला. परत मागितला तर म्हणाली, फ्रिजच्या मागचं राहिलंय. परवा बघितलं, डायल सहावर होता.