टँकर दाखवला एक, पोरगा चढवला दुसऱ्यावर

एजंटाने दिलेल्या पत्रात सगळं होतं: टँकरचं नाव, जहाजाची ओळख असलेला सात आकडी आयएमओ नंबर, लांबी 140 मीटर, बांधणी 2011ची. नंबर ट्रॅकिंग ॲपवर टाकला तर जहाज खरंच यूएईतल्या फुजैराजवळ दिसत होतं, फोटोही झकास. नोकरी लावायला खलाशाकडून पैसे घेणं बेकायदा आहे, तरी आमच्या कोकणात बोलणी 'रेट काय' इथूनच सुरू होतात. धाकट्या भावासाठी अडीच लाख गेले, रोख.

त्याला व्हिजिट व्हिसावर दुबईत उतरवलं आणि शारजाच्या अँकरेजला (जहाजं नांगर टाकून थांबतात तिथे) नेऊन दुसऱ्याच टँकरवर चढवलं. नावात एका अक्षराचा फरक. "दादा, पुढून हाक मारली तर मागे ऐकू येते," हा त्याचा पहिला फोन. आयएमओ नंबर जहाजाला जन्मभराचा असतो. नाव, मालक, झेंडा (नोंदणीचा देश) बदलला तरी तोच राहतो आणि जहाजावर कायमचा उमटवलेला असतो. भावाकडून त्या नंबराचा फोटो मागवला. नंबर वेगळा! तो इक्वासिस या जहाजांची माहिती देणाऱ्या साइटवर टाकला (नाव नोंदवलं की ती फुकट वापरता येते). बांधणी 1986ची, ग्रॉस टनेज (जहाजाच्या आकाराचं माप) हजाराच्या आत, दोन वर्षांत तिसरा झेंडा, क्लास, म्हणजे जहाज धड असल्याचं तांत्रिक प्रमाणपत्र, काढून घेतलेला. विम्याच्या रकान्यात काहीच नाही.

तोच रकाना महागात पडला. मालकाने खलाशांना वाऱ्यावर सोडलं तर परतीचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार विम्यातून मिळावा, असा एमएलसी या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा नियम 2017पासून लागू आहे. इथे विमाच नव्हता. पगार बंद, पासपोर्ट कॅप्टनकडे, प्यायचं पाणी मोजून.

ॲपवरच्या ठिपक्यावर जाऊ नका. हा ठिपका जहाजावरच्या एआयएस या यंत्रणेतून येतो; तिच्यात नाव, लांबी जहाजावरचीच माणसं भरतात, आणि चांगल्या जहाजाचा नंबर पत्रावर कुणीही छापू शकतो. आधी एजंटाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना, डीजी शिपिंग या केंद्र सरकारच्या जहाज खात्याच्या यादीत शोधा. मग जहाजाच्या कंपनीचा फोन स्वतः शोधून विचारा, ही भरती तुमचीच का. एजंटाने दिलेल्या फोनवर नको, तिथे त्याचाच माणूस बसलेला असतो. व्हिजिट व्हिसाचं नाव निघालं की तिथूनच उठा.

खलाशांच्या युनियनने मध्ये पडून भावाला परत आणलं. चढल्याची नोंदच डीजी शिपिंगकडे नाही, त्यामुळे त्याचा सी टाइम (जहाजावर काम केल्याचा काळ) धरून घेण्यासाठी खेटे चालू आहेत. पोलिसांत तक्रार दिली आहे. एजंटाच्या जागेत सध्या दुसऱ्याच कुणाचं ऑफिस आहे.