उंचीची भीती आणि व्हीआर उपचार : सोलापुरातील सहा सत्रे

पुण्यात मुलाचे घर अकराव्या मजल्यावर आहे आणि दोन वर्षांत मी त्याच्या बाल्कनीत एकदाही पाऊल ठेवले नव्हते. होटगी रस्त्यावरील एका मानसोपचार केंद्रात व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेटच्या, म्हणजे डोळ्यांवर लावून आभासी दृश्य दाखवणाऱ्या यंत्राच्या मदतीने अशा भीतीवर उपचार होतात असे कळल्यावर मी फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तेथे सहा सत्रे घेतली.

पहिल्या सत्रात हेडसेट कपाटातच राहिला. तेथील मानसशास्त्रज्ञ बाईंनी माझ्याकडून भीतीच्या प्रसंगांची चढती यादी लिहून घेतली. तिची सुरुवात स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढण्यापासून झाली आणि शेवट सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेतील आकाशपाळण्यावर. प्रत्येक प्रसंगाला, भीती जितकी जास्त तितके जास्त, शून्य ते शंभर असे गुण द्यायचे. ही मोजपट्टी मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांची, म्हणजे हेडसेटच्या कितीतरी आधीची, आणि उपचाराचे तत्त्वही तितकेच जुने आहे : भीती वाटली की आपण काढता पाय घेतो, त्याने हायसे वाटते आणि त्यामुळेच भीती अधिक मुरत जाते; म्हणून ती ओसरेपर्यंत तेथून हलायचे नाही. हेडसेटमुळे उंच पूल किंवा काचेची लिफ्ट खोलीतच आणता येते आणि मजले बेताबेताने वाढवता येतात, एवढीच सोय. उंचीच्या भीतीवरील अशा व्हीआर उपचाराचा नियंत्रित अभ्यास (उपचार मिळालेल्यांची न मिळालेल्यांशी तुलना) मानसशास्त्रज्ञ बार्बरा रॉथबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्येच प्रसिद्ध केला होता, तेव्हा हे कालपरवाचे खूळ नव्हे.

तिसऱ्या सत्रात आभासी इमारतीच्या कडेला उभा असूनही माझे गुण तिसाच्या वर जात नव्हते आणि मला त्याचा थोडा अभिमानही वाटू लागला होता. मला दिसणारे दृश्य बाईंना लॅपटॉपवर दिसत होते. त्या शांतपणे म्हणाल्या, “काका, तुम्ही मघापासून समोरच बघताय. आता खाली बघा.” खाली पाहताच गुण ऐंशीवर गेले आणि समोर नुसते चित्र आहे हे पक्के ठाऊक असूनही गुडघे लटपटायचे थांबेनात. पस्तिसावर यायला वीस मिनिटे लागली आणि तोवर त्यांनी हेडसेट काढू दिला नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १०० जणांची चाचणी प्रसिद्ध केली. तीत उपचार मिळालेल्यांना संगणकातील आभासी मार्गदर्शकानेच शिकवले आणि त्यांची भीती बरीच घटली. तरीही माझी ही लबाडी अशा मार्गदर्शकाला पकडता आली असती, असे मला वाटत नाही. येथे पैसे वसूल झाले ते बाईंमुळे.

उणिवाही आहेत. दृश्ये सगळी परदेशी आहेत : काचेच्या इमारती, रुंद रिकामे रस्ते. माझी भीती गुडघ्याएवढ्या कठड्याच्या गच्चीत आणि कठडा नसलेल्या जिन्यात आहे, आणि त्यांपैकी एकही दृश्य त्या यंत्रात नाही. ही उणीव बाईंनी पाचव्या सत्रात हेडसेट बाजूला ठेवून आणि मला त्याच इमारतीच्या जिन्याने गच्चीवर नेऊन भरून काढली. आभासी लिफ्ट सुरू झाली की मळमळते, कारण डोळ्यांना हालचाल दिसते आणि कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या भागाला ती जाणवत नाही. एप्रिलच्या उन्हाळ्यात हेडसेटचा स्पंज घामाने ओला होतो, चष्म्यावर वाफ धरते, आणि आधीच्या रुग्णाने वापरलेला स्पंज मी सांगितल्यावरच पुसला गेला, हे मला अजिबात आवडले नाही. शुल्क सत्राला १२०० रुपये. पहिल्या भेटीचे १५०० रुपये होतात हे मात्र पैसे भरताना कळले. फिट्सचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट लावू नये. येथे ही चौकशी आधीच केली जाते.

मे महिन्यात पुण्याला गेलो तेव्हा बाल्कनीत उभा राहून चहा प्यायलो. एक हात कठड्यावर घट्ट होता आणि गुण चाळीस. आकाशपाळण्यासाठी संक्रांतीपर्यंत थांबावे लागेल.