कॅम्परमध्ये पाणी मुरतंय: पाइप, दाब की मीटर, आणि वाळवायचं कशाने?

गाडी दोन दिवस बंद राहिली, दार उघडताच कुबट वास आला, पलंगाखालचा प्लाय अंगठ्याने दाबला तर किंचित आत गेला, आणि पाणी मात्र डोळ्यांना कुठेच दिसत नाही. आमचा टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेला कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय असलेली गाडी, मानपाड्याला सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभा असतो. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. छपरावरचं एक सैल झालेलं स्क्रूचं भोक एवढ्या पावसात काय करतं ते आम्ही भोगलंय. म्हणून गळती शोधायच्या आणि ओल वाळवायच्या पद्धतींपैकी इथल्या हवेत कोणती उपयोगी पडते ते सांगते.

साधनं जमवण्याआधी पाणी पावसाचं की टाकीचं हे ठरवा. टाकी भरा, पंप चालू करा, नळ घट्ट बंद करा आणि रात्री गाडीत शांत बसा. दाब भरला की पंप आपोआप थांबतो. कुणी नळ उघडलेला नसताना तो अधूनमधून सेकंदभर घरघरला, तर कुठल्यातरी सांध्यातून पाणी जातंय. एसी चालू असतानाच ओल येत असेल तर छप्पर उघडू नका, आधी एसीची ड्रेन नळी तुंबली आहे का बघा.

पावसाचंच पाणी असेल तर खरी निवड दोन पद्धतींत आहे: बागेचा पाइप, की हवेचा दाब आणि साबणाचं पाणी.

पाइपचं काम सोपं, पण शिस्तीने करायचं. एका वेळी एकच सांधा, दहा मिनिटं, आणि आत एक माणूस टॉर्च घेऊन. सुरुवात खालून. वरून सोडलेलं पाणी सगळ्या खिडक्यांवरून ओघळतं आणि गळकी कोणती ते कळत नाही. प्रेशर वॉशर अजिबात नको, त्याची धार धडधाकट रबरातूनही आत घुसते आणि नसलेली गळती दाखवते. चार्जिंगची २३० व्होल्टची वायर आधी काढून ठेवा.

दाबाच्या चाचणीत एका खिडकीत ब्लोअर बसवून बाकीच्या फटी टेपने बंद करतात. आत हवा भरली की बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवायचं, भोक असेल तिथे बुडबुडे येतात. पाणी कुठून शिरतं ते यात थेट दिसतं. पाइपने मात्र ते आत कुठे उतरतं ते आधी दिसतं, आणि या दोन जागांत बरंच अंतर असू शकतं.

आमच्या गाडीत ते सात फूट होतं. पाणी दिसायचं मागच्या दाराजवळ. दाराचं रबर बदललं, तरी तेच. मग भाचा टॉर्च घेऊन आत आडवा झाला आणि मी शिडीवरून छपरावरच्या पंख्याच्या चौकटीवर पाइप धरला. सहा मिनिटं काहीच नाही. सातव्या मिनिटाला तो आतून ओरडला, "मावशी, वायरवरून येतंय!" छताच्या पॅनलमागून मागच्या दिव्याकडे जाणारी काळी वायर होती. तिच्यावरून एकेक थेंब घरंगळत येत होता, वायर वाकते तिथे क्षणभर लोंबायचा आणि कपाटामागे पडायचा. पंख्याच्या चौकटीचा त्या बाजूचा स्क्रू फिरवला तर हातातच आला, खालचा अर्धा भाग गंजून तपकिरी झालेला.

तरीही मूळ लोखंडी बॉडीच्या गाडीला मी पाइपच सुचवेन. अशा गाडीची दारं इतकी हवा सोडतात की टेप लावण्यात अर्धा दिवस जातो आणि दाब नीट भरत नाही. शिवाय नंतर पाडलेली भोकं मोजकी असतात: पंखा, एसी, सोलरचे ब्रॅकेट, खिडक्या, कॅरियर. पाइपने ती एका सकाळी तपासून होतात. चॅसिसवर फायबरची वेगळी खोली चढवलेली असेल तर गोष्ट उलटी. तिथे प्रत्येक कोपऱ्याला सांधा असतो, तेव्हा पैसे मोजावे लागले तरी दाबाची चाचणी करून घ्या. पाणी फक्त गाडी पावसात वेगात धावतानाच येत असेल तरीही दाबच बरा, कारण समोरून वाऱ्याने ढकललेलं पाणी उभ्या गाडीवर पाइपने आणता येत नाही. छप्पर मात्र कोरडं हवं, म्हणजे जुलैत ही चाचणी शेडखालीच.

ओल मोजायचा मीटर दोन्ही प्रकारच्या गाड्यांना लागतो. दोन सुयांचा घ्या. नुसता टेकवायचा मीटर लोखंडी फ्रेम किंवा चंदेरी इन्सुलेशनजवळ उगाच जास्त आकडा दाखवतो. सुयांची बारीक भोकं कपाटाच्या आत पाडली की दिसत नाहीत. आता आकड्याबद्दल. १५ टक्क्यांच्या वर धोका, असं परदेशी माहितीत सर्रास सापडतं. पण हवेतली आर्द्रता ८५ टक्के टिकली की न भिजलेलं लाकूडही १७-१८ टक्क्यांवर जाऊन बसतं. तो नियम लावला तर जुलैत ठाण्यातली प्रत्येक गाडी गळकी ठरेल. त्यामुळे आधी गाडीतल्या खात्रीने कोरड्या जागेचा आकडा घ्या आणि संशयाची जागा त्याच्याशी ताडून बघा. तीन-चार टक्क्यांचा फरक दिसला तर तिथे खोदा. २० टक्क्यांच्या वर ओल टिकली की लाकूड कुजवणारी बुरशी धरते, हे मात्र सगळीकडे सारखं.

थर्मल कॅमेरा पाणी नाही, तापमान दाखवतो. पावसाळी दिवसात सगळं एकाच तापमानाला असताना तो फार काही सांगत नाही. भाड्याने मिळत असेल तर ऊन पडलेल्या दिवशी संध्याकाळी वापरा, नाहीतर सोडून द्या.

आता वाळवणं. इथेच माणसं सगळ्यात जास्त चुकतात, कारण आपला हात आपसूक खिडकी उघडायला जातो. जुलैत बाहेरची हवा २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेची असते, म्हणजे प्रत्येक घनमीटरमध्ये २३ ग्रॅमच्या आसपास पाणी आधीच भरलेलं. तिने प्लाय काय वाळणार? हॅलोजन किंवा हीटर लावला तर ओल प्लायमधून निघून गार पत्र्यावर जाऊन बसते, आणि जास्त तापलं तर प्लायचे थर सुटतात. ओल शोषणाऱ्या खड्यांचे डबे कपाटाला ठीक, भिजलेल्या जमिनीला अपुरे, आणि त्यात साठणारं खारट पाणी सांडलं तर लोखंड खातं.

पावसाळ्यात चालतो तो कॉम्प्रेसरवाला डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं मशीन, तेही खिडक्या आणि छपराचा पंखा पूर्ण बंद करून. थंड प्रदेशात डेसिकंट प्रकार (ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारा) चांगला म्हणतात, पण इथल्या उकाड्यात तो आणखी गरम हवा सोडतो, त्यामुळे मी घेणार नाही. खोक्यावरचा "दिवसाला इतके लिटर" हा आकडा बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेला असतो, आणि ते तर आपलं जुलैचंच हवामान. ४०० वॅटचं मशीन चोवीस तास चाललं तर साडेनऊ युनिटच्या वर वीज जाते. सोसायटीच्या पार्किंगमधला पॉइंट वापरणार असाल तर सेक्रेटरींशी आधी बोलून सबमीटर लावून घ्या.

पण बंद पॅनलमागची ओल मशीनला ओढता येत नाही. वर विनाइल आणि मागे चंदेरी इन्सुलेशन असेल तर मधला प्लाय महिनोन्महिने ओलाच राहतो. तो उघडावाच लागतो, आणि उघडायचा महिना ऑक्टोबर. मुंबई परिसरातून मान्सून परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. त्यानंतरच्या उन्हात, दारं उघडी आणि एक टेबल फॅन जमिनीलगत लावला, की जे मशीनने आठवड्यात होत नाही ते होतं. म्हणून पावसाळ्यात फक्त भोक शोधा, वरून तात्पुरती ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) मारा, मशीनने बुरशी रोखा. भिजलेली ग्लासवूल वाळवत बसू नका, टाकून द्या.

सीलंटबद्दल थोडक्यात. घाईत सिलिकॉन फासून घेऊ नका. एका गॅरेजने आमच्या छपरावर ते थापलं होतं. त्याच्यावर पुढे दुसरं काहीच चिकटेना, सगळं खरवडायला दोन रविवार गेले. शिवाय आंबूस वास येणारं साधं सिलिकॉन पत्र्याला गंज आणतं. चौकटीखाली ब्युटाइल टेप, कडेने पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, आणि पृष्ठभाग पूर्ण कोरडा. वागळे इस्टेटला किंवा कळंबोलीला बॉडीवाल्याकडे गाडी देणार असाल तर काम झाल्यावर तुमच्यासमोर पाइप लावून दाखवायचं आधीच ठरवून घ्या. पॅनल त्यानंतरच बसवायला सांगा, आणि तेही उघड्या प्लायचा आकडा कोरड्या जागेशी सलग तीन दिवस जुळल्यावर.